हवाई बंदुकीचा तोल दस्त्याच्या हाती

जत्रेच्या फेरीत फुग्यांच्या फळीसमोर उभ्या राहणाऱ्याची तक्रार ठरलेली असते. पहिले दोन छर्रे फुग्यांच्या मधून निघून जातात, तिसरा कसाबसा एक फुगा फोडतो आणि बंदूक परत करताना तोंडून शब्द निघतात, ‘नळीच वाकडी आहे!’ दुकानदार हसतो, तीच बंदूक उचलतो आणि ओळीने चार फुगे फोडून दाखवतो. नळी वाकडी असेलही. वर्षानुवर्षे शेकडो हातांतून फिरलेल्या बंदुकीत तेही घडते आणि दुकानदाराला तिची खोड पाठ झालेली असते. तरीही त्याचे चारही छर्रे एकाच रेषेत जातात आणि गिऱ्हाइकाचे तीन छर्रे तीन दिशांना जातात, याचे उत्तर वाकड्या नळीत मिळत नाही. वाकडी नळी प्रत्येक वेळी सारखीच चूक करते. चूक दर वेळी वेगळी होत असेल, तर ती बंदूक धरण्यात असते आणि बंदूक कशी धरली जाईल, हे बरेचसे तिच्या दस्त्याने आधीच ठरवलेले असते.

फेरीतील ही बंदूक बहुधा ‘ब्रेक-बॅरल’ जातीची, म्हणजे बिजागरीवर नळी मोडून छर्रा भरण्याची असते. छंद म्हणून घरी आणली जाणारी पहिली हवाई बंदूकही सहसा हीच. किंमत आवाक्यातली, रचना साधी, सिलिंडर वा पंपाची गरज नाही. मात्र नेमबाजीच्या दृष्टीने ही सर्वांत सोपी बंदूक नव्हे. उलट, धरणाऱ्याची प्रत्येक लहानसहान चूक पकडणारी अशी तिची ख्याती आहे. त्यामागचे कारण समजून घेतले, तर दस्त्याचे महत्त्व आपोआप ध्यानात येते.

छर्रा सुटण्याआधीच धक्का

नळी खाली ओढली की तिला जोडलेला दांडा मागे सरकतो आणि पोलादी नळकांड्यातील दट्ट्याला मागे ढकलतो. त्यासरशी जाड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकून बसतो. उघड्या नळीत छर्रा बसवून नळी सरळ केली की बंदूक तयार होते. चाप ओढताच दट्ट्या सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे फेकते, त्याच्यापुढील हवा क्षणार्धात दाबली जाते आणि ती दाबलेली हवा छऱ्याला नळीबाहेर ढकलते.

या क्रमातच खरी मेख आहे. छर्रा असतो जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. दट्ट्या असतो पाव किलोच्या आसपास. अर्धा ग्रॅम हलण्यापूर्वी पाव किलोचे पोलाद धावू लागते. दट्ट्या पुढे जातो तशी उरलेली बंदूक मागे सरकते. ३.२ किलो वजनाच्या बंदुकीत २५० ग्रॅमचा दट्ट्या ८ सेंटिमीटर पुढे गेला, तर मोकळी धरलेली बंदूक सुमारे ६ मिलिमीटर मागे येते. दट्ट्याचा वेग शेवटच्या टप्प्यात दाबलेल्या हवेच्या उशीवर मोडतो आणि बंदूक उलट पुढे हिसकली जाते. मागे आणि पुढे, असे हे दोन धक्के छर्रा नळीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत बहुतांशी घडून गेलेले असतात.

दारूच्या बंदुकीत धक्का आणि गोळीचा प्रवास एकाच क्षणी सुरू होतात आणि गोळी फार लवकर नळी सोडते. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र छर्रा निघतो तो आधीच हललेल्या नळीतून. ही हालचाल घट्ट धरून थांबवता येत नाही. तसा प्रयत्न केला तर खांदा, मनगट आणि बोटे यांचा दाब दर वेळी वेगळा पडतो आणि बंदूक दर वेळी वेगळ्या दिशेने उसळते. एक मीटर लांबीची बंदूक दस्त्याच्या टोकाशी फिरून तिचे तोंड अवघ्या एका मिलिमीटरने वर गेले, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे एक सेंटिमीटर वर लागतो. म्हणून जाणकार ही बंदूक हलकेच, जवळपास तळहातावर ठेवल्यासारखी धरतात. अमेरिकन लेखक टॉम गेलॉर्ड यांनी या पद्धतीला ‘आर्टिलरी होल्ड’ असे नाव रूढ केले. तोफ जशी आपल्या गाड्यावर दर वेळी एकाच वाटेने मागे येते, तशी बंदुकीलाही तिची वाट मोकळी ठेवायची, ही त्यामागील कल्पना.

बंदूक हलणारच, हे एकदा मान्य केले की प्रश्न एवढाच उरतो, की ती दर वेळी सारखी हलेल कशी. येथे तोल आणि दस्ता यांचा विचार सुरू होतो.

कावडीचा हिशेब

बंदूक बोटावर आडवी ठेवली असता ज्या जागी ती कोणत्याही बाजूला न झुकता राहते, तो तिचा तोलबिंदू. कावड वाहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही; पुढची घागर जड झाली की खांदा आपोआप पुढे सरकतो. ब्रेक-बॅरल बंदुकीत पुढच्या बाजूस पोलादी नळी आणि बिजागरीचा ठोकळा, मध्ये स्प्रिंगचे जड नळकांडे आणि मागे लाकडी दस्ता असतो. पोलाद पुढे आणि लाकूड मागे, अशा मांडणीमुळे तोलबिंदू बहुधा चापाच्या कड्याच्या थोडा पुढे पडतो.

डावा तळहात नेमका तोलबिंदूखाली असेल, तर बंदूक हातावर तरंगल्यासारखी राहते आणि उजव्या हाताला चाप ओढण्यापलीकडे काम उरत नाही. तळहात तोलबिंदूच्या मागे राहिला, तर नळीचे तोंड खाली झुकू पाहते. ते सावरण्यासाठी उजवा हात दस्ता आवळतो, खांदा दाबतो आणि मोकळ्या पकडीचा सारा लाभ हातचा जातो. तळहात बराच पुढे नेला, तर पुढचा भाग स्थिर होतो. पण हात ताणला जातो आणि उभ्याने नेम धरताना लवकर थकतो.

दस्त्यातील लहानसा बदल हा बिंदू किती हलवतो, हे साध्या हिशेबाने कळते. ३.२ किलो वजनाच्या बंदुकीच्या दस्त्यात, तोलबिंदूपासून ५० सेंटिमीटर मागे, २०० ग्रॅम शिसे बसवले तर तोलबिंदू जवळपास ३ सेंटिमीटर मागे सरकतो. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदी. पुढून जड वाटणारी बंदूक एवढ्याने हातात बसते.

मात्र तोलबिंदू हा अर्धाच हिशेब. दोन बंदुका एकाच जागी तोलल्या तरी हातात वेगळ्या वाटू शकतात. एकीचे वजन मध्यभागी गोळा झालेले असते, दुसरीचे दोन्ही टोकांना वाटलेले असते. दोरावरून चालणारा कसरतपटू हातात लांब काठी धरतो, कारण टोकांना वजन असलेली वस्तू सहजासहजी फिरत नाही. बंदुकीचेही तसेच आहे. लांब नळी आणि भरीव दस्ता असलेली बंदूक सावकाश डोलते आणि धक्क्याने कमी फिरते. आखूड, मध्यभागी जड बंदूक चटकन वळते, पण तितक्याच चटकन भरकटते. स्थिर लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला पहिली बरी, चालता-फिरता वापरणाऱ्याला दुसरी.

खाचेची किंमत

ब्रेक-बॅरल बंदुकीचा दस्ता घडवणाऱ्याला एक अडचण पाचवीला पुजलेली असते. नळी खाली मोडते, त्यामुळे दस्त्याचा पुढचा भाग नळीखाली लांबवर नेता येत नाही. तो बिजागरीच्या आसपास संपवावा लागतो. शिवाय नळीला जोडलेला दांडा खाली येऊन मागे सरकतो, म्हणून दस्त्याच्या पुढच्या भागात खालून लांब खाच ठेवावी लागते. तळहात जेथे टेकायचा, नेमक्या त्याच जागी लाकूड पोकळ होते आणि दोन बाजूंच्या पातळ भिंती उरतात.

या खाचेचे तीन परिणाम होतात. पुढच्या भागाचे वजन घटते. भिंती पातळ झाल्याने त्या हाताच्या दाबाने किंचित लवतात. तिसरा परिणाम सर्वांत त्रासदायक. तळहात अर्धा खाचेच्या कडेवर आणि अर्धा भरीव लाकडावर आला, तर दर वेळी आधार थोडा वेगळा मिळतो आणि छर्रे विखुरतात. म्हणून अनुभवी नेमबाज चापाच्या कड्यालगतची भरीव जागा किंवा खाचेच्या पुढचे टोक, अशी एक जागा निवडून कायम तीच ठेवतात. चांगला दस्ता घडवणारा कारागीर ही जागा रुंद आणि सपाट करून देतो. काही बंदुकांत दांडा दोन तुकड्यांचा, मध्ये सांधा असलेला ठेवतात. तो नळकांड्याला लगटून सरकत असल्याने खाच आखूड राहते आणि दस्ता मजबूत होतो.

एकच यंत्र, दोन दस्ते

दस्त्याचा परिणाम यंत्रापासून वेगळा काढून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी ती मिळाली. जर्मनीतील मेलरिचश्टाट येथील वायरॉख कंपनीने एचडब्ल्यू ८० ही ब्रेक-बॅरल बंदूक बाजारात आणली. त्याच यंत्रावर कॅलिफोर्नियातील रॉबर्ट बीमन यांच्या कंपनीने बीमन आर १ या नावाने अमेरिकेत बंदूक विकली. स्प्रिंग, दट्ट्या, चाप यांची मूळ रचना एकच. दोन्हींचे वजन चार किलोच्या आसपास. फरक होता दस्त्यात. मूळ एचडब्ल्यू ८०चा दस्ता पुढे आखूड होता आणि बिजागरीचा ठोकळा उघडा राहत असे. आर १च्या दस्त्याचा पुढचा भाग लांबवून तो ठोकळ्याच्या बाजूंपर्यंत नेलेला होता.

दिसायला हा सौंदर्याचा भाग. प्रत्यक्षात त्याने नेमबाजाला तळहात पुढे नेण्यासाठी जागा मिळवून दिली आणि इतक्या जड, पुढून ओढणाऱ्या बंदुकीत ही जागा मोलाची ठरते. आखूड दस्त्यावर तळहात मागेच ठेवावा लागतो. लांब दस्त्यावर निवड करता येते. यंत्राला हात न लावता केवळ लाकडाची लांबी बदलली, तरी बंदूक धरण्याची रीत बदलते.

युरोपात हा मुद्दा आणखी महत्त्वाचा, कारण तेथे ताकदीला कायद्याने लगाम आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये हवाई रायफलीसाठी १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल, आणि जर्मनीत ७.५ ज्यूल ही मोकळ्या विक्रीची सीमा. भारतातही शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेली हवाई बंदूकच परवान्याविना घेता येते. ताकद ठरावीक मर्यादेतच राहणार असेल, तर एका बंदुकीला दुसरीहून सरस ठरवणाऱ्या गोष्टी म्हणजे चाप, नळी आणि दस्ता. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत छऱ्याचा वेगच छापलेला असतो. वेग वाढवण्यासाठी स्प्रिंग जाड केली की धक्काही वाढतो, ही गोष्ट जाहिरात सांगत नाही.

लाकूड की प्लास्टिक

परंपरेने दस्ते बीच आणि अक्रोडाच्या लाकडाचे होत आले. बीच स्वस्त, टणक आणि सरळ रेषांचे. अक्रोड देखणे आणि घडवण्यास सोपे. शिसम या दोहोंहून साधारणतः जड. एकाच साच्यातील दस्ता वेगळ्या लाकडाचा केला, तरी वजनात फरक पडतो आणि तोलबिंदू सरकतो.

प्लास्टिकच्या दस्त्यांनी हा फरक आणखी वाढवला. ते बहुधा आतून पोकळ असतात. समजा ३.२ किलोच्या बंदुकीला लाकडाहून ४०० ग्रॅमने हलका दस्ता बसवला आणि त्या घटलेल्या वजनाचा मध्य तोलबिंदूच्या २५ सेंटिमीटर मागे होता. तर बंदूक हलकी होते, पण तोलबिंदू साडेतीन सेंटिमीटर पुढे जातो. दुकानात हातात घेताना बंदूक हलकी वाटते. दहा मिनिटे नेम धरल्यावर मात्र नळीचे तोंड खाली ओढते. हलकी बंदूक धक्क्यालाही अधिक बळी पडते, कारण तोच दट्ट्या आता कमी वजनाला हलवतो. पोकळ दस्त्यात धक्क्याचा आवाज घुमतो तो वेगळाच.

तरीही प्लास्टिकचा एक गुण कोकण आणि गोव्याच्या हवेत नजरेआड करता येत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत लाकूड ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि त्याबरोबर दस्ता घट्ट धरणारे स्क्रू सैल पडतात. प्लास्टिकला ही बाधा नाही. लाकडाचा दस्ता असेल, तर आतल्या उघड्या लाकडावर, खाचेच्या भिंतींवर आणि स्क्रूंच्या भोकांतही तेलाचा किंवा वॉर्निशचा हात फिरवलेला असणे हिताचे.

गाल, खांदा आणि उसळी

धक्का नळकांड्याच्या मध्यरेषेतून मागे येतो. खांद्याचा आधार मात्र त्या रेषेच्या खाली असतो, कारण नेम धरणारा डोळा वर आणि खांदा खाली. जोर वरून आणि अडवणूक खालून, अशी स्थिती आली की बंदूक फिरते आणि तोंड वर उसळते. दस्त्याचा मागचा भाग जितका अधिक खाली वाकलेला, तितकी उसळी अधिक. जुन्या घडणीच्या बंदुकांत उघड्या माशीवरून नेम धरायचा असल्याने असा उतार सोयीचा वाटे. दस्ता सरळ ठेवून खांद्याचा आधार नळकांड्याच्या रेषेजवळ आणला, तर धक्का बराचसा सरळ मागे येतो.

गाल टेकण्याच्या कडेचेही असेच. बंदुकीवर दुर्बीण बसवली की डोळा दोन-तीन सेंटिमीटर वर न्यावा लागतो. कड जुन्याच उंचीची असेल, तर गाल अधांतरी राहतो, मान ताठरते आणि डोके दर वेळी वेगळ्या जागी येते. दुर्बीण स्वतःही वजनदार असते. अर्धा किलोची दुर्बीण तोलबिंदूच्या दहा सेंटिमीटर मागे बसवली, तर तो बिंदू सुमारे १.४ सेंटिमीटर मागे येतो. म्हणजे दुर्बीण बसवल्यावर तळहाताची जागा पुन्हा शोधणे आले.

स्पर्धेतील बंदुकांनी या सर्व प्रश्नांचा पाठपुरावा टोकापर्यंत केला. जर्मनीच्या डायना कंपनीने आपल्या ६० क्रमांकाच्या ब्रेक-बॅरल बंदुकीत एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावणारे दोन दट्टे बसवून धक्काच रद्द केला. आजच्या दहा मीटर स्पर्धेत आधीच दाबून भरलेल्या हवेच्या बंदुका असतात आणि त्यांत स्प्रिंगचा धक्का नसतो. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत किंवा २०२२ मध्ये कैरो येथे विश्वविजेता ठरलेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील ज्या प्रकारात उतरले, तो हाच. तेथे बंदुकीचे वजन ५.५ किलोच्या आत असावे लागते. गालाची उंची, दस्त्याची लांबी, खांद्याच्या टेकूचा कोन हे सारे नेमबाजाच्या अंगाप्रमाणे जुळवता येते. धक्का नसलेल्या बंदुकीतही दस्त्यावर इतकी मेहनत घेतली जाते. दुहेरी धक्क्याच्या ब्रेक-बॅरलला तिची गरज अधिक.

लहान हातांतील मोठी बंदूक

या साऱ्याची झळ सर्वाधिक बसते ती शिकणाऱ्या मुलांना. घरात मोठ्यांसाठी आणलेली बंदूकच बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती येते. तिच्या दस्त्याची चापापासून मागच्या टोकापर्यंतची लांबी साधारण ३५ ते ३७ सेंटिमीटर असते. ती प्रौढ माणसाच्या हाताच्या मापाची. मुलाला चापापर्यंत पोहोचण्यासाठी खांदा पुढे ओढावा लागतो. पुढचे वजन सावरण्यासाठी ते कमरेतून मागे झुकते, मान वाकडी करते आणि डावा हात पूर्ण ताणते. छर्रे विखुरतात. मोठे म्हणतात, ‘हात कच्चा आहे’, ‘लक्ष नाही’. मूल ते खरे मानते आणि पुष्कळदा बंदूक कोपऱ्यात जाते. तसे झाले नाही, तर वाकडी उभे राहण्याची सवय अंगवळणी पडते आणि पुढे प्रशिक्षकाला ती मोडण्यात महिने घालवावे लागतात.

याची परीक्षा सोपी आहे. रिकामी, स्प्रिंग न ताणलेली बंदूक घ्यावी. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूस टेकवावे. तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज आले, तर लांबी योग्य. बोट पोहोचतच नसेल, तर दस्ता लांब आहे. मागचा रबरी टेकू काढून पातळ टेकू बसवणे किंवा जाणत्या कारागिराकडून दस्ता आखूड करून घेणे, हे उपाय आहेत. दस्ता आखूड केला की मागचे वजन घटून बंदूक पुढे झुकेल, याचेही भान ठेवावे लागते. तोवर मुलाला बसून, पुढचा भाग मऊ उशीवर ठेवून सराव करू देणे उत्तम. मुलाच्या हाती बंदूक असताना मोठे माणूस शेजारी असायलाच हवे.

बंदूक घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

खरेदीच्या वेळी वेगाचा आकडा विचारण्याआधी बंदूक बोटावर तोलून पाहावी. तोलबिंदूखाली तळहात टेकण्याजोगी भरीव जागा आहे का, हे हाताने चाचपावे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर माशीच्या रेषेत आपोआप आली, तर दस्ता अंगाला जुळला असे समजावे. ही तपासणीही स्प्रिंग न ताणता, छर्रा न भरता आणि तोंड निर्धोक दिशेला ठेवूनच करायची.

घरी आणल्यावर पहिले लक्ष स्क्रूंकडे द्यावे. दुहेरी धक्क्याने दस्त्याचे स्क्रू सैल होतात आणि अचानक बिघडलेला नेम कित्येकदा पेचकसाच्या अर्ध्या फेऱ्याने ताळ्यावर येतो. ते अवाजवी आवळू नयेत. खाचेलगतचे पातळ लाकूड तडकते. छर्रा भरताना मोडलेली नळी एका हाताने घट्ट धरून ठेवावी. अडकवण निसटली, तर नळी क्षणात सरळ होते आणि बोटे चेचली जातात. छर्रा न भरता चाप ओढणे टाळावे, कारण हवेची उशी न मिळाल्याने दट्ट्या थेट पुढच्या भिंतीवर आदळतो.

यानंतर एक दिवस सरावाला द्यावा. तळहात चापाच्या कड्यालगत ठेवून पाच छर्रे, मग दोन बोटे पुढे सरकवून पाच, आणखी पुढे पाच. दर वेळी नवा कागद लावावा. ज्या कागदावर भोके सर्वांत जवळ येतील, त्या जागी दस्त्याखाली चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करावी. फुग्यांच्या फळीमागच्या दुकानदाराचा हात हीच जागा वर्षानुवर्षांच्या सवयीने शोधून बसलेला असतो.